ज्याचं त्याचं ताट

डुकराच्या कानात चिप, समोर संगणकाची गव्हाण आणि रोज नव्यानं मांडलेला हिशोब. सगळ्यांना एकच ताट वाढायची सवय मोडू पाहणाऱ्या एका यंत्राची ही गोष्ट.

सेकंड इयरला मी होस्टेलच्या मेस कमिटीत होतो. पद मोठं, काम एकच, शिव्या खाणं. पोळी कडक झाली की माझ्या नावानं बोंब, आमटी पातळ झाली की परत माझ्याच नावानं. त्या वर्षी आम्ही एक उद्योग केला. दाराशी ठेवलेली खरकट्याची बादली आठवडाभर रोज रात्री वजनकाट्यावर ठेवली. आकडा बघून आमचेच चेहरे उतरले. मेसचे काका मात्र शांत होते. म्हणाले, "अरे, तुझा तो तालमीतला रूममेट नऊ पोळ्या खातो आणि तो कोपऱ्यातला चष्मेवाला दोन. मी अंदाज कुणाचा धरू? कमी पडलं तर तुम्हीच माझं डोकं खाणार. म्हणून मी पैलवानाचा धरतो."

ती बादली रोज रात्री एक मामा टेम्पोतून घेऊन जायचे. शहराबाहेर त्यांची डुकरं होती. म्हणजे पैलवानाच्या अंदाजानं रांधलेलं आणि चष्मेवाल्यानं टाकलेलं अन्न शेवटी डुकरांच्या पोटात जायचं. तेव्हा याची गंमत वाटली होती. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की काकांना पडलेला प्रश्न जगभरातल्या डुकरांच्या शेडमध्येही अगदी तसाच पडलेला आहे. अंदाज कुणाचा धरायचा? आणि कॅनडातल्या एका संशोधन केंद्रानं त्यावर जे उत्तर शोधलं, ते ऐकून काकांनी हातच जोडले असते. ते उत्तर असं, की अंदाज धरायचाच नाही. प्रत्येकाला विचारायचं.

आता 'डुक्कर' म्हटल्यावर काहींनी नाक मुरडलं असेल. साहजिक आहे. आपल्याकडे हा शब्द प्राण्यापेक्षा शिवी म्हणूनच जास्त वापरला जातो. पण एक लक्षात घ्या. डुकराची पचनसंस्था गाय-म्हशीपेक्षा माणसाच्या खूप जवळची आहे. त्याला आपल्यासारखं एकच जठर असतं, रवंथ नाही. कित्येक दशकं मधुमेहाच्या रुग्णांना टोचलं जाणारं इन्सुलिन डुकरं आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय माणसाच्या छातीत बसवलं. तेव्हा डुकराच्या ताटाबद्दल बोलताना आपण स्वतःच्या ताटापासून फार लांब गेलेलो नसतो.

हार आणि गुलाब

थोडं बायोकेमिस्ट्री. घाबरू नका, परीक्षा नाही.

देवळाबाहेर हार गुंफणाऱ्या मावशी बघितल्यात ना? त्यांचा एक ठरलेला साचा असतो. दोन झेंडू, एक शेवंती, दोन झेंडू, एक गुलाब. समजा टोपलीत झेंडूचा ढीग आहे, शेवंतीही भरपूर आहे, पण गुलाब दहाच आहेत. मग त्या साच्यात गुलाब संपेपर्यंतच हार होणार. उरलेला झेंडू कितीही ताजा असला तरी संध्याकाळी टाकूनच द्यायचा.

शरीरात प्रथिनं अशीच गुंफली जातात. फुलांच्या जागी असतात अमिनो आम्लं, एकूण वीस प्रकारची. त्यातली काही शरीर स्वतः बनवतं, काही मात्र खाण्यातूनच यावी लागतात. वाढत्या डुकराला मका-गव्हासारखं धान्य दिलं, तर सगळ्यात आधी संपणारा गुलाब म्हणजे लायसिन. धान्यात तो कमी असतो. डाळींमध्ये आणि सोयाबीनमध्ये भरपूर. आपला वरणभात याच हिशोबावर उभा आहे. भातात जे कमी ते वरणात असतं, वरणात जे कमी ते भातात. आज्जीला लायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण ताट बरोबर होतं. डुकराच्या खाद्यात भाताच्या जागी मका किंवा गहू आणि वरणाच्या जागी सोयापेंड, इतकाच फरक. वर लायसिनची पूड वेगळीही मिसळतात. ती तयार करणारे जिवाणू चायनीज भेळेतलं अजिनोमोटो बनवणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातले.

आता खरी गोम इथे आहे. आपण जास्तीची साखर खाल्ली तर शरीर तिची चरबी करून ठेवतं. जास्तीच्या अमिनो आम्लांसाठी असं कोठार नाही. उरलेला झेंडू टाकावाच लागतो. शरीर त्यातला नायट्रोजन काढून टाकतं, त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. हा युरिया म्हणजे शेतकरी गोणीतून आणून शेतात टाकतात तोच पदार्थ. शेडमध्ये लघवी आणि विष्ठा एकत्र आली, की विष्ठेतल्या जिवाणूंचं युरिएज नावाचं विकर त्या युरियाचा अमोनिया करतं. नाकात जाणारा तो उग्र वास म्हणजे शेतकऱ्यानं पैसे मोजून आणलेली आणि डुकराला न लागलेली प्रथिनं.

डुकरानं खाल्लेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून जास्त असा बाहेर पडतो. आणि खाद्याचा खर्च हा वराहपालनातला सगळ्यात मोठा खर्च असतो, एकूण खर्चाच्या साधारण साठ ते सत्तर टक्के.

सरासरीचा घोळ

इथे परत मेसचे काका येतात.

तीन डुकरं घ्या. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच शेडमधली. पण एक रोज ८०० ग्रॅमनं वाढतंय, दुसरं एक किलोनं आणि तिसरं बाराशे ग्रॅमनं. संशोधकांच्या सूत्रानं हिशोब केला, तर पहिल्याला रोज साधारण साडेतेरा ग्रॅम लायसिन लागेल, दुसऱ्याला साडेसोळा आणि तिसऱ्याला वीसच्या आसपास. सरासरी साडेसोळा. मग सगळ्यांना साडेसोळा दिलं तर झालं?

नाही झालं. तिसरं डुक्कर उपाशी राहत नाही, पण त्याची वाढ अडते. त्याच्या टोपलीतले गुलाब संपलेले असतात. पहिलं डुक्कर तेवढंच खाऊन तीन ग्रॅम वाया घालवतं. शेतकऱ्याला वाढ अडलेली परवडत नाही, कारण मांस किलोवर विकलं जातं. म्हणून तो काकांसारखाच पैलवानाचा अंदाज धरतो. सगळ्यांना वीस. आता कुणाचंच अडत नाही, पण कळपातल्या बहुतेक सगळ्यांना गरजेपेक्षा जास्त मिळतं. यात कुणी मूर्खपणा करत नसतं. हाताशी एकच पातेलं असेल तर हेच शहाणपण आहे.

त्यात वयाची भानगड. पंचवीस किलोचं पिल्लू जवळपास चार महिन्यांत १२०-१३० किलोचं होतं. लहान असताना खाद्यात प्रथिनांचं प्रमाण जास्त लागतं, मोठं होईल तसं कमी. मोठेपणी ते खातं खूप, पण प्रत्येक घासात प्रथिनं कमी असली तरी भागतं. शेतकरी हे ओळखतात आणि या काळाचे तीन-चार टप्पे पाडून खाद्य बदलतात. याला फेज फीडिंग म्हणतात. म्हणजे पहिलीला एक पुस्तक, दुसरीला दुसरं. पण वर्गात सगळी मुलं एकाच दिवशी पास होत नाहीत, हा प्रश्न तसाच राहतो. टप्पा बदलला त्या दिवशी काहींना नवीन खाद्य कमी पडतं, आणि बदलाच्या आदल्या दिवशी जवळपास सगळ्यांनाच जुनं जास्त होत असतं.

गव्हाणीतला संगणक

कॅनडातला क्युबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत. देशातलं सगळ्यात जास्त डुकराचं मांस इथे तयार होतं. इथल्या शेरब्रुक शहरात कॅनडा सरकारच्या कृषी खात्याचं संशोधन केंद्र आहे. कांदिदो पोमार हे तिथले शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी गव्हाण विकसित केली, ती दिसायला साधी आहे. एका वेळी एकच डुक्कर डोकं घालू शकेल एवढी जागा, वर खाद्याच्या टाक्या आणि आत एक वाचकयंत्र.

डुकराच्या कानात एक बिल्ला असतो आणि त्यात आरएफआयडी चिप. तुमच्या मेट्रो कार्डात किंवा गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये असते त्याच जातीची. डुकरानं डोकं आत घातलं की यंत्राला कळतं, हा अमुक नंबर आला. टोलनाक्यावर गाडी ओळखून पैसे कापतात, इथे डुक्कर ओळखून खाद्य पडतं.

वरच्या टाक्यांमध्ये दोन प्रकारचं खाद्य असतं. एक पौष्टिक, लायसिननं भरलेलं. दुसरं हलकं. पैलवानाचं आणि चष्मेवाल्याचं, असं म्हणा. प्रत्येक डुकरासाठी त्या दिवशीचं प्रमाण ठरलेलं असतं. याला सत्तर टक्के पौष्टिक आणि तीस टक्के हलकं, त्याला चाळीस-साठ. टाकीखालचे स्क्रू फिरतात, दोन्ही खाद्यं त्या प्रमाणात मिसळून मूठभर घास समोर पडतो. तो संपला आणि डुक्कर अजून तिथेच असलं की पुढचा घास. डुक्कर हवं तेव्हा येतं, हवं तितकं खातं. एक गोष्ट नीट समजून घ्या, इथे डुकराची भूक मापली जात नाही आणि त्याला डाएटवर टाकलेलं नाही. पोटभर खायला मोकळीक आहे. ठरवलं जातं ते फक्त घासात काय असावं हे.

मग हे प्रमाण ठरवतं कोण? २०१२ मध्ये ब्राझीलचे लुसियानो हाउशिल्ड, पोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग स्टॅटिस्टिक्सवाल्या मुलांच्या ओळखीचा. या डुकरानं गेले काही दिवस रोज किती खाल्लं, वजन किती वाढलं, त्यावरून आज ते किती खाईल आणि किती वाढेल याचा अंदाज. टाइम सिरीजचं साधं काम. दुसरा भाग जीवशास्त्राचा. आज एक किलो वाढणार असेल, तर त्यात प्रथिनं साधारण सोळा टक्के, म्हणजे १६० ग्रॅम. त्या प्रथिनांत लायसिन सात टक्के, म्हणजे अकरा ग्रॅमच्या वर थोडं. खाल्लेल्या लायसिनपैकी साधारण ७२ टक्केच वाढीच्या कामी येतं, म्हणून साडेपंधरा ग्रॅम द्यायला हवं. शिवाय नुसतं जगण्यासाठी थोडं. झाले साडेसोळा. कॅल्क्युलेटरवर करून बघा, जमतं. अवघड काय होतं, तर हे शेडमधल्या प्रत्येक डुकरासाठी, दररोज, न चुकता करणं. ते काम यंत्रानं उचललं.

आकडे काय म्हणतात

कागदावर सगळंच छान दिसतं, म्हणून यंत्रानं वाढलेल्या डुकरांची जुन्या पद्धतीच्या डुकरांशी तुलना झाली. ब्राझीलच्या इनेस आंद्रेता यांनी शेरब्रुकच्या गटाबरोबर केलेले २०१४ आणि २०१६ चे प्रयोग यात महत्त्वाचे आहेत. निष्कर्ष थोडक्यात असा. ज्याच्या त्याच्या गरजेनुसार वाढलेल्या डुकरांनी लायसिन सुमारे एक चतुर्थांशानं कमी खाल्लं आणि तरीही त्यांची वाढ इतरांइतकीच झाली. म्हणजे आधी दिलं जाणारं चारातलं एक ताट सरळ गटारात जात होतं.

२०१९ मध्ये पोमार आणि अलिने रेमुस यांनी तोवरच्या कामाचा आढावा घेतला. त्यानुसार या पद्धतीनं बाहेर पडणारा नायट्रोजन ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, हरितगृह वायू सुमारे सहा टक्क्यांनी घटतात आणि खाद्याच्या खर्चातही आठ-दहा टक्क्यांची बचत होते. सहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण शेणखताच्या खड्ड्यातून आणि शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे, हे विसरू नका.

मला मात्र या सगळ्यात सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वरच्या गणितात एक खोडी लपलेली आहे. तुमच्या लक्षात आली का? 'सोळा टक्के', 'सात टक्के', '७२ टक्के' हे आकडे आपण सगळ्या डुकरांना सरसकट लावले. म्हणजे सरासरीला दारातून हाकललं आणि ती खिडकीतून परत आत आली. रेमुस आणि सहकाऱ्यांनी पुढे याचाच पाठपुरावा केला. त्यांना दिसलं, की गरजेइतकंच दिलं तरी दोन डुकरं सारखी वागत नाहीत. एक तेवढ्यात भरपूर मांस बांधतं, दुसरं कमी. अन्न वापरायची ताकदही ज्याची त्याची वेगळी. ही गोष्ट त्यांनी झाकली नाही. आमचं सूत्र इथे तोकडं पडतं, असं म्हणून पुढचं काम सुरू केलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'रीडिंग जुळत नाही' म्हणून आकडा खोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

गटारातून पुढे कुठे

एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटत असेल तर युरोपचा नकाशा उघडा.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी हा प्रदेश आहे. देशातली निम्म्याहून जास्त डुकरं या एका कोपऱ्यात. शेतात टाकलेल्या मलमूत्रातला आणि खतांतला नायट्रोजन नायट्रेट होऊन ओढ्या-नद्यांतून समुद्रात जातो आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचतात. ते कुजले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. जुलै २०११ मध्ये तिथल्या एका नदीच्या मुखाशी तीसहून अधिक रानडुकरं मरून पडलेली सापडली. तपासात बोट याच वायूकडे गेलं. पाळलेल्या जनावरांच्या उष्ट्यानं रानातल्या भाऊबंदांचा जीव घेतला.

शेजारचा नेदरलँड्स आणखी अडचणीत आला. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान असलेल्या या देशात एक कोटीच्या वर डुकरं, वर गाई आणि कोंबड्या. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनबाबतची सरकारी योजना बेकायदा ठरवली आणि हजारो बांधकामांचे परवाने रखडले. रस्ते, घरं, सगळंच. सरकारनं जनावरांची संख्या घटवायची भाषा सुरू केल्यावर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. खुद्द क्युबेकमध्येही गावकऱ्यांनी वास आणि पाण्याच्या तक्रारी इतक्या लावून धरल्या, की २००२ मध्ये सरकारला नव्या वराहफार्मवर बंदी घालावी लागली होती. शेरब्रुकमधलं संशोधन या वातावरणात वाढलं. म्हणजे हे हौसेचं गॅजेट नाही. 'डुकरं कमी करा' आणि 'आमचं पोट मारू नका' या दोन टोकांच्या मध्ये काही वाट निघते का, याचा तो शोध आहे.

मग सगळीकडे का नाही?

पहिलं कारण अर्थातच पैसा. साधी गव्हाण म्हणजे एक पन्हळ. ही गव्हाण म्हणजे सेन्सर, मोटारी, सॉफ्टवेअर आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस. धुळीत, अमोनियात आणि शंभर किलोच्या धक्काबुक्कीत यंत्र टिकवणं सोपं नसतं. कानातले बिल्ले तुटतात. एका गव्हाणीवर डुकरं जास्त झाली की दांडगी पुढे घुसतात आणि दुबळी मागे राहतात. सोयापेंड स्वस्त झाली, की वाचलेल्या प्रथिनांतून यंत्राचा खर्च भरून निघायला वेळ लागतो. एक उदाहरण मात्र सांगण्यासारखं आहे. युरोपीय संघानं १ जानेवारी २०१३ पासून गाभण माद्यांना अंगही वळवता येऊ नये अशा पिंजऱ्यांत दिवसेंदिवस कोंडून ठेवण्यावर, सुरुवातीचे काही आठवडे सोडून, बंदी आणली. माद्या कळपात मोकळ्या ठेवायच्या, तर प्रत्येकीला तिचा वाटा कसा मिळणार? तिथे चिप ओळखून खाद्य देणारी यंत्रं शेतकऱ्यांच्या उपयोगाला आली. कायदा आला आणि त्यामागून तंत्रज्ञानाला गिऱ्हाईक मिळालं.

दुसरा प्रश्न पैशाचा नाही, आणि तो मला अजून सुटलेला नाही. हे यंत्र डुकराला कळपातला एक न मानता 'हे डुक्कर' म्हणून ओळखतं. त्याची भूक, त्याची वाढ, त्याचा आजचा दिवस. एखाद्यानं अचानक कमी खाल्लं, तर आजार डोळ्यांना दिसण्याआधी यंत्राच्या लक्षात येऊ शकतं. हे चांगलंच आहे. पण एवढं बारकाईनं ओळखायचं ते कशासाठी? तर १३० किलोला ते खाटिकखान्यात वेळेवर जावं म्हणून. ओळख आहे, जिव्हाळा आहे का? की जिव्हाळ्याची अपेक्षाच भाबडी? मांस खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनी, दोघांनीही थोडं थांबून विचार करावा असा हा प्रश्न आहे. आणि शेवटी, या माहितीचा मालक कोण? शेतकरी, यंत्र विकणारी कंपनी की मांस विकत घेणारी? आपल्या फोनबद्दल आपण विचारतो तेच प्रश्न आता गव्हाणीलाही लागू झाले आहेत.

आपल्याकडे

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरं आहेत. सगळ्यात जास्त आसामात, एकवीस लाखांच्या आसपास. म्हणूनच भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र गुवाहाटीजवळ राणी इथे आहे. ईशान्येत घरामागे दोन-तीन डुकरं पाळायची पद्धत. अळूची पानं, तांदळाचा कोंडा, तांदळाची दारू गाळून उरलेला चोथा, घरातलं उरलंसुरलं, हे त्यांचं खाद्य. आपल्या शेजारी गोव्यात अगोंदा गोअन नावाची देशी जात आहे, राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली. तिचीही कहाणी परसातलीच.

इथे क्युबेकचं यंत्र उचलून आणून ठेवण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न उलटा आहे. तिकडे प्रथिनं जास्त होतात, इकडे कमी पडतात. तिकडे टोपलीत गुलाब उरतात, इकडे मुळात येतच नाहीत. त्यात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर शिरला आणि अनेकांची परसातली पुंजी गेली. हा विषाणू पसरण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे न उकळलेलं खरकटं. म्हणून आमच्या मेसच्या बादलीसारखं उष्टं डुकरांना द्यायचंच असेल, तर ते नीट उकळून द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात.

पण त्यामागची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. गावाकडे गाई-म्हशींच्या कानात पिवळे बिल्ले बघितले असतील, बारा आकडी नंबरचे. त्या नंबराच्या आधारानं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यात येतो, गाईचं वजन टेपनं मोजतो, दूध किती, गाभण आहे का, घरात चारा कोणता आहे हे विचारतो. सॉफ्टवेअर त्या एका गाईसाठी सांगतं, पेंड इतकी, कडबा इतका, खनिज मिश्रण इतकं. गव्हाण साधीच, रोबोट नाही. पण ज्याचं त्याचं ताट हे तत्त्व तेच. भारतासाठी वाट बहुधा अशीच निघेल. महागडं यंत्र नको, एक फोन, एक टेप आणि हिशोब कळणारं एक माणूस हवं.

हे माणूस म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी. या एका गव्हाणीत पशुवैद्यक, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स, कोडिंग, पर्यावरण आणि अर्थशास्त्र असे सगळे विभाग येऊन बसलेत. डेटा सायन्स शिकून काय करणार, या प्रश्नाला 'ॲप बनवणार' याखेरीज दुसरं उत्तर असू शकतं. फक्त ते शोधायला चपला चिखलात घालाव्या लागतील.

मी घातल्या होत्या, एकदाच. टेम्पोवाल्या मामांनी बोलावलं म्हणून त्यांच्या शेडवर गेलो. पंधरा-वीस डुकरं होती, कानात काही नाही, भिंतीवर काही नाही. मामा बादली ओतता ओतता थांबले, कोपऱ्यातल्या एकीकडे बघितलं आणि भाताचा गोळा वेगळा काढून तिच्यापुढे ठेवला. "हिला बाकीचे खाऊ देत नाहीत. आणि पिल्लं व्हायची आहेत, तर जास्त लागतं," म्हणाले. मी विचारलं, किती जास्त? मामा हसले. "ते काय मोजायचं, दादा? बघितलं की कळतं."

पंधरा-वीस असतात तेव्हा बघितलं की कळतं. दीड हजार झाली की कळत नाही, आणि तिथेच यंत्र लागतं. आमची मेस तीनशेची होती. पुढच्या वर्षी आम्ही एवढंच केलं, की आदल्या रात्री दारावरच्या कागदावर प्रत्येकानं दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांचा आकडा लिहायचा. पहिले चार दिवस कुणी लिहिलं नाही. पाचव्या दिवशी पैलवानानं नऊ लिहिलं. त्याखाली चष्मेवाल्यानं दोन. महिन्याभरात मामांची कुरकुर सुरू झाली, "दादा, हल्ली बादली हलकी येते."